तीस झाडं, एकच गोत्र: लेकसाइड डेझीचं प्रकरण

या प्रकरणातली जागा, झाड आणि वर्षं खरी आहेत. माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. दुर्मीळ आणि सर्वसामान्य वनस्पतींमधल्या जनुकीय विविधतेबद्दल बोलताना हे उदाहरण जगभर दिलं जातं. पण बहुतेक ठिकाणी ते दोन ओळींत उरकतात आणि मधले निर्णय गाळतात. शिकण्यासारखं जे आहे ते त्या निर्णयांतच आहे.

पार्श्वभूमी

लेकसाइड डेझी हे सूर्यफुलाच्या कुळातलं वीतभर उंचीचं बहुवर्षायू झाड. जमिनीलगत जाडसर पानांचा झुपका असतो. मे महिन्याच्या सुरुवातीला एकेका बिनपानी दांड्यावर एकेक पिवळंधमक फूल येतं. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या परिसराबाहेर ते नैसर्गिकरीत्या कुठेही सापडत नाही. कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतातला ब्रूस द्वीपकल्प आणि मॅनिटूलिन बेट, अमेरिकेत ओहायो राज्यातलं मार्बलहेड द्वीपकल्प आणि एकेकाळी इलिनॉय राज्यातल्या दोन काउंटी (जिल्हे), हाच त्याचा मुख्य मुलूख; पुढे मिशिगन राज्यातही एक छोटी वस्ती सापडली. गंमत अशी की याच्याच जवळचं एक भावंड अमेरिकेच्या पश्चिम भागात डोंगरउतारांवर आणि कोरड्या माळांवर भरपूर आढळतं. एका घराण्यातली एक जात सर्वत्र पसरलेली आणि दुसरी मोजक्या ठिकाणी अडकलेली, म्हणजे तुलनेची सोय आयतीच झाली.

या झाडाला लागतं भरपूर ऊन आणि चुनखडीचा, विशेषतः डोलोमाइटचा उघडा खडक. वर मातीचा जेमतेम थर. वसंतात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात तवा तापतो. उंच गवत आणि झुडपं अशा जागी नीट वाढू शकत नाहीत, म्हणून या बुटक्या झाडाला ऊन मिळतं. कास पठार किंवा कोकणातले सडे पाहिलेल्यांना ही व्यवस्था लगेच समजेल. उघड्या खडकावरच्या जागांचं नशीबही सगळीकडे सारखंच असतं: ‘पडीक’ म्हणून त्यांची नोंद होते आणि पहिली खाण तिथेच निघते. मार्बलहेडला झाडं चुनखडीच्या चालू खाणीच्या आवारातच होती. इलिनॉयमध्ये जोलिएट शहराजवळ, डेस प्लेन्स नदीच्या खोऱ्यात, कारखाने वाढत गेले तसे डोलोमाइटचे माळ आक्रसत गेले.

१९७०च्या दशकात इलिनॉयमध्ये एकच वस्ती उरली होती. तिच्यात झाडं होती अंदाजे तीस.

अडचण

तीस झाडं कमी असली तरी शून्य नव्हती. ती जिवंत होती, दरवर्षी फुलत होती. लहान मधमाश्या फुलांवर येत होत्या. झाड जमिनीखालच्या फांद्यांनी बाजूला पसरतं, त्यामुळे झुपके रुंद होत होते आणि लांबून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटत होतं. पण पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या वस्तीत बी धरलंच नव्हतं.

हे सहज लक्षात न येण्याचं एक कारण या कुळाच्या रचनेतच आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते अनेक बारीक फुलांचं डोकं असतं, आणि प्रत्येक बारीक फुलाच्या तळाशी एक कोरडं, बीसारखं दिसणारं फळ तयार होतं. परागण झालं नाही तरी ते टरफल तयार होतंच. वाळलेलं डोकं हातात चुरलं तर मूठभर ‘बिया’ पडतात. त्यातली एकेक नखाने दाबून पाहिली तरच कळतं: भरलेली टणक लागते, पोकळ चपटी होते. इलिनॉयमध्ये सगळीच चपटी निघत होती.

पहिला संशय कीटकांवर जाणं साहजिक होतं, मग माती, मग प्रदूषण. मधमाश्या येत असल्याने पहिला संशय टिकला नाही. त्यातच १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती जागाही औद्योगिक कामात गेली. त्याआधी काही झाडं काढून बागेत जपली होती, तेवढीच इलिनॉयची शिल्लक. या टप्प्यावर एका स्थानिक वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी हे काम हाती घेतलं. त्यांनी झाडं कशी वाढवायची यापेक्षा ती एकमेकांशी का जुळत नाहीत, हा प्रश्न धरला.

आत काय चाललं होतं

सूर्यफूल कुळातल्या बऱ्याच जातींमध्ये स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही. आपल्याकडे सूर्यफुलाचं पीक घेणाऱ्यांना हे माहीत असतं. दाणे पोकळ राहू नयेत म्हणून फुलोऱ्याच्या काळात सकाळी हाताला तलम कापड गुंडाळून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलकेच फिरवायचा सल्ला कृषी खातं देतं, तो यासाठीच. परक्या झाडाचा पराग कुक्षीपर्यंत, म्हणजे फुलाच्या पराग घेणाऱ्या टोकापर्यंत, पोचला पाहिजे.

पण ‘परकं’ म्हणजे कोण? इथे गोत्राचा दाखला अगदी चपखल बसतो. या झाडांत एका विशिष्ट जागी असलेलं जनुक ओळखपत्राचं काम करतं आणि त्या जनुकाचे बरेच प्रकार असतात. प्रत्येक झाडाकडे त्यातले दोन, एक आईकडून आणि एक बापाकडून. परागकणावर त्याच्या जनक झाडाचा छाप असतो. कुक्षीला त्या छापात आपलं गोत्र दिसलं, तर पराग तिथेच अडतो, त्याची नळी फुटतच नाही. छाप कणाचा स्वतःचा नसून जनकाचा असल्यामुळे नियम आणखी कडक होतो: कणाच्या आत वेगळा प्रकार असला तरी जनक सगोत्र असल्यास सोयरीक मोडते. निकट नात्यातले संबंध टाळायला ही व्यवस्था उत्तम आहे. फक्त गावात पुरेशी गोत्रं हवीत.

मोठ्या वस्तीत ती टिकतातही. ज्या झाडाचं गोत्र विरळ, त्याला जोडीदार जास्त मिळतात, त्याची संतती वाढते आणि ते गोत्र विरळ राहत नाही. पण वस्ती तीसवर आली की हे संतुलन चालत नाही, तिथे योगायोग राज्य करतो. एखाद्या वर्षी रस्त्याच्या कामात चार झाडं गेली आणि त्यांच्याबरोबर दोन गोत्रं गेली, असं होतं. आणि गेलेलं गोत्र आपोआप परत येत नाही.

बागेतल्या इलिनॉयच्या झाडांचे आपसांत संकर करून पाहिले. अशा प्रयोगात फुलाची डोकी उमलण्याआधीच जाळीच्या पिशवीत बांधतात आणि ठरवलेल्या जोडीची डोकी एकमेकांवर घासतात. डोक्यातली बारीक फुलं कडेकडून आत रोज थोडी थोडी उमलतात, म्हणून हे काम एका दिवसात होत नाही. निकाल स्पष्ट होता. इलिनॉयचं कोणतंही झाड इलिनॉयच्या दुसऱ्या झाडाला चालत नव्हतं. ओहायोच्या झाडाचा पराग दिला की भरलेलं बी मिळत होतं. सगळी उरलेली झाडं एकाच जुळणी-गटातली होती. झाडं जिवंत असली तरी त्यांचा वंश पुढे जाणार नव्हता.

दुर्मीळ म्हणजे जनुकीय दरिद्री?

निर्णयांकडे वळण्याआधी एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण तो अशा प्रत्येक चर्चेत आडवा येतो.

१९९०च्या सुमारास शेकडो वनस्पती-जातींवर झालेल्या एन्झाइम-अभ्यासांचा, म्हणजे एन्झाइमच्या रूपांवरून जनुकीय विविधता मोजणाऱ्या अभ्यासांचा, एक मोठा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एका वस्तीच्या आत एकाहून जास्त रूपं दाखवणाऱ्या जनुकस्थानांचं सरासरी प्रमाण दूरवर पसरलेल्या जातींमध्ये सुमारे ४३ टक्के निघालं, आणि एखाद्या छोट्या प्रदेशापुरत्या मर्यादित जातींमध्ये सुमारे २६ टक्के. ‘दुर्मीळ म्हणजे गरीब’ हे समीकरण अशा आकड्यांवर पोसलं गेलं. त्याच आढाव्यातली दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. वस्त्या-वस्त्यांमधला फरक किती, हे जात दुर्मीळ की सामान्य यावर फारसं अवलंबून नव्हतं. ते प्रजननपद्धतीवर अवलंबून होतं. स्वपरागण करणाऱ्या जातींमध्ये एकूण विविधतेचा जवळजवळ निम्मा भाग वस्त्या-वस्त्यांमध्ये विभागलेला होता. कीटकांकरवी परपरागण करणाऱ्यांमध्ये तो सुमारे पाचवा हिस्सा होता आणि वाऱ्यावर पराग सोडणाऱ्यांमध्ये दहावा. पुढे २०००च्या आसपास दुर्मीळ जातींची तुलना थेट त्यांच्याच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) सामान्य भावंडांशी केली गेली. तेव्हा सरासरी फरक राहिला, पण काही दुर्मीळ जाती भावंडांइतक्याच किंवा त्याहून श्रीमंत निघाल्या. घराणं श्रीमंत असेल तर दुर्मीळ सदस्यही बहुधा श्रीमंत असतो.

लेकसाइड डेझीला हे कसं लागू पडतं? इलिनॉयच्या वस्तीची कोंडी एका विशिष्ट जनुकस्थानाची होती. बाकीच्या जनुकांत थोडीफार विविधता उरली असती, तरी तिचा काही उपयोग नव्हता. एन्झाइमचे सरासरी आकडे पाहून एखाद्याने ‘विविधता कमी आहे, पण ठीक आहे’ असा शेरा मारला असता आणि वस्ती तशीच निपुत्रिक राहिली असती. माझ्या मते या प्रकरणाचं सगळ्यात मोठं महत्त्व इथेच आहे. परपरागणावर जगणाऱ्या, स्वतःचा पराग नाकारणाऱ्या जातीच्या छोट्या वस्तीत पहिली तपासणी बियांची व्हायला हवी, डीएनएची नंतर.

पर्याय

समोर चार वाटा होत्या.

पहिली, इलिनॉयची झाडं विभागून वाढवायची आणि ‘शुद्ध इलिनॉय’ म्हणून सुरक्षित माळांवर लावायची. काम सोपं, हमखास आणि फोटो चांगले येणारं. झाडं वाढली असती, फुललीही असती. पण विभागून शंभर केली तरी गोत्र तेच, म्हणजे शंभर निपुत्रिक झाडं.

दुसरी, इलिनॉयची झाडं सोडून द्यायची आणि ओहायोची रोपं आणून लावायची. जात टिकली असती. मात्र इलिनॉयच्या वस्तीत हजारो वर्षांत तिथल्या हवामानाशी जुळलेलं जे काही असेल, ते कायमचं गेलं असतं.

तिसरी, दोघांचा संकर. हीच सगळ्यात वादग्रस्त होती. जोलिएट आणि मार्बलहेड यांत सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतर आहे. या वस्त्या फार जुन्या काळापासून तुटलेल्या असाव्यात. दूरच्या वस्त्यांच्या संकरातून पुढच्या पिढ्या दुबळ्या निघण्याचा धोका असतो, कारण स्थानिक जुळवणीचे धागे उसवतात. शिवाय ‘स्थानिक वाण भेसळ होऊ देऊ नका’ हे त्या काळी संवर्धनातलं जवळजवळ धर्मवचन होतं, आजही आहे. ते चुकीचं नाही. पण वस्ती निरोगी असेल तेव्हाच ते लागू होतं.

चौथी, काहीच न करणं. हा पर्याय कागदावर कुणी लिहीत नाही. पंधरा वर्षं प्रत्यक्षात तोच चालू होता.

काय केलं

तिसरी वाट निवडली. इलिनॉयच्या उरलेल्या झाडांवर ओहायोचा पराग वापरून बी धरवलं आणि त्यातून रोपं तयार केली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने लेकसाइड डेझीला धोकाग्रस्त वनस्पती म्हणून कायदेशीर संरक्षण दिलं. त्याच सुमारास इलिनॉयमधल्या तीन संरक्षित माळांवर, दोन जोलिएटच्याच काउंटीत आणि एक राज्याच्या मध्यभागी टॅझवेल काउंटीत, शेकडो रोपं लावली गेली. १९९० मध्ये पुनरुज्जीवन आराखडा आला. तिकडे ओहायोमध्ये मार्बलहेडच्या खाणीजवळची जमीन राज्याने याच फुलासाठी राखीव केली. संकराचा स्रोत टिकवण्यासाठी हेही तितकंच गरजेचं होतं.

लागवडीआधीचा एक निर्णय बाहेरून दिसत नाही, पण सगळा डाव त्यावर होता. इलिनॉयच्या सगळ्या झाडांचं गोत्र एक, म्हणून पहिल्या पिढीतल्या प्रत्येक संकरित रोपाला एक प्रकार इलिनॉयकडून आणि एक ओहायोकडून मिळणार. ही सगळी भावंडं एकत्र लावली तर त्यांच्यातली बरीचशी पुन्हा सगोत्र निघणार, आणि दोन-तीन पिढ्यांत जुनंच दुखणं उद्भवणार. म्हणून ओहायोच्या एकाच झाडाचा पराग वापरून भागत नाही. बरीच वेगवेगळी झाडं लागतात, आणि लावताना कोण कोणाशी जुळतं हे पाहून वेगवेगळ्या गटांची रोपं शेजारी लावावी लागतात. लहान मधमाशी एका झुपक्यावरून फार लांब जात नाही. जोडीदार माळावर कुठेतरी असून उपयोग नाही, तो शेजारी हवा.

हवामानाची साथ मात्र नव्हती. १९८८ हे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात भीषण दुष्काळाचं वर्ष होतं. खडकावरच्या पातळ मातीत नवी रोपं लावायला याहून वाईट वर्ष क्वचितच मिळेल.

परिणाम

इलिनॉयमध्ये लेकसाइड डेझी पुन्हा फुलली आणि या वेळी बी भरलं. आपोआप उगवलेली रोपं दिसली. दीड दशकाहून अधिक काळ जे झालं नव्हतं ते झालं.

पुढचं चित्र मिश्र आहे, आणि ते तसंच सांगायला हवं. तिन्ही जागा सारख्या फळल्या नाहीत. माळावर झुडपं वाढली की सावली येते आणि झाड मागे हटतं, म्हणून नियोजित वणवा आणि झुडपं तोडणं सतत चालू ठेवावं लागतं. जनुकांचा प्रश्न सुटला म्हणून उन्हाचा प्रश्न सुटत नाही. संकराने संतती दुबळी होईल ही भीती या प्रकरणात वस्ती थांबवण्याइतकी खरी ठरली नाही. पण त्यावरून ती भीती सगळीकडे निराधार आहे असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. इथे दुसऱ्या पारड्यात वस्तीचं मरण होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात महाग पडली ती उशिरा झालेली तपासणी. वस्ती जागेवर असतानाच, दरवर्षी दहा-वीस वाळलेली डोकी उघडून बिया दाबून पाहिल्या असत्या तर हा प्रश्न दशकभर आधी समोर आला असता. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तेव्हा कदाचित दुसरं गोत्र असलेलं एखादं झाड अजून शिल्लक असतं आणि बाहेरचा पराग आणावाच लागला नसता.

दुसरं, झाडं वाचवताना कोणती वाचवायची हा विचार. जमीन जाणार हे कळल्यावर हाताला लागतील ती झाडं उचलली जातात, आणि ती बहुधा एकाच कोपऱ्यातली, म्हणजे शक्यतो नात्यातली असतात. त्याऐवजी वस्तीच्या चारही कडांवरून थोडी थोडी घेणं श्रेयस्कर.

तिसऱ्या बाबतीत मी काठावर आहे. ओहायोबरोबर कॅनडातल्या वस्त्यांचाही पराग सुरुवातीपासून वापरायला हवा होता का? गोत्रं वाढली असती, पण अंतर आणि हवामानातला फरकही वाढला असता. माझा कल ‘नको’ कडे आहे: जवळच्या एका मोठ्या वस्तीतून बरीच वेगवेगळी झाडं घेणं हे दूरच्या तीन वस्त्यांतून एकेक झाड घेण्यापेक्षा सुरक्षित.

सह्याद्रीत हे प्रकरण डोळ्यासमोर ठेवायचं तर शिंदळ माकुडीचं उदाहरण घ्यावं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर वाढणारी ही मांसल वनस्पती फांदी खोचली की सहज लागते. म्हणून तिची रोपं बनवणं सोपं आहे, आणि ती अनेक हौशी लोकांच्या कुंड्यांत पोचली आहे. तिची परागणव्यवस्था डेझीपेक्षा पूर्ण वेगळी, माश्यांवर चालणारी आणि परागपुंजांची (पराग सुटा न जाता गठ्ठ्याने जातो अशी) आहे, त्यामुळे गोत्राचा हिशोब जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण एका कड्यावरच्या एका झाडाच्या फांद्या पन्नास कुंड्यांत लावल्या तर जनुकीयदृष्ट्या ते एकच झाड राहतं, हे मात्र तंतोतंत लागू पडतं. ती पन्नास रोपं पुन्हा कड्यावर नेऊन लावायचा बेत असेल, तर प्रत्येक कुंडीवर रोपाच्या नावाबरोबर कडा कोणता आणि मातृझाड कितवं हेही लिहिलेलं असायला हवं. शेंगा धरल्या की त्या उघडून आतली बी भरली आहे का, याची नोंद त्याच वहीत.